दोन वह्यांचा मेळ

दोन वह्या समोर ठेवा. एकीत ‘शनिवार, सकाळी ११, दाताचे डॉक्टर’ अशी नोंद आहे, दुसरीत ती नाही. ही नोंद पहिल्या वहीत नव्याने आली आहे, की दुसऱ्या वहीतून काढून टाकली आहे? कागदाची वही असती तर खोडलेली ओळ दिसली असती. संगणकात पुसलेली नोंद मागे काहीच ठेवत नाही. त्यामुळे दोन्ही याद्या कितीही बारकाईने तपासल्या तरी या प्रश्नाचे उत्तर त्या याद्यांत सापडत नाही. नोंद नवी समजून दुसरीकडे लिहिली तर रद्द केलेली भेट परत उगवते. काढलेली समजून पहिलीतून पुसली तर नुकतीच ठरलेली भेट नाहीशी होते.

टेबलावरच्या संगणकातले मेल सॉफ्टवेअर आणि क्लाउडवरचे अकाउंट यांच्यातल्या कॅलेंडर-कॉन्टॅक्टच्या सिंकची मूळ अडचण या कोड्यात आहे. थंडरबर्डमध्ये पुसलेला नंबर दुसऱ्या दिवशी परत का येतो, आउटलुकमध्ये एकच वाढदिवस चार वेळा का दिसतो, फोनवर घेतलेली तारीख ऑफिसच्या संगणकावर का पोचत नाही, असे प्रश्न मला वरचेवर विचारले जातात. ओळखीच्या छोट्या कार्यालयांत, म्हणजे वकील, करसल्लागार, एक-दोन दवाखाने अशा ठिकाणी, ही जोडणी मी बरीच वर्षे करून देत आलो आहे. सॉफ्टवेअर बिघडले आहे अशी लोकांची समजूत असते. माझा अनुभव असा, की सॉफ्टवेअर बहुधा ठीक असते आणि वह्यांची मांडणी चुकलेली असते. ती का चुकते हे कळायचे तर आतले यंत्र उघडून पाहावे लागेल.

मेल सोपे, कॅलेंडर अवघड

ई-मेलचा प्रश्न फार पूर्वी सुटला. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅप या पद्धतीची आखणी केली. पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि घरचा संगणक, ऑफिसचा संगणक, फोन ही सारी त्याच पेटीत डोकावतात. हे सोपे पडले, कारण आलेले पत्र बदलत नाही. वाचल्याची खूण बदलते, फोल्डर बदलतो, पत्र डिलीट होते, पण मजकूर आला तसाच राहतो. कॅलेंडरच्या नोंदीचे तसे नसते. वेळ पुढे ढकलली जाते, जागा बदलते, दर सोमवारच्या बैठकीतला एकच सोमवार मंगळवारी सरकतो. कॉन्टॅक्टचेही तेच. नंबर बदलतात, लग्नानंतर नाव बदलते, दुकानाचा पत्ता बदलतो. शिवाय हे बदल दोन उपकरणांवर, कधी दोन माणसांकडून, एकमेकांना न कळता होतात. न बदलणाऱ्या वस्तूच्या दहा प्रती सांभाळणे सोपे असते, बदलत्या वस्तूच्या दोनही जड जातात.

लोक ‘सिंक’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावतात, तो घोळ आधी मिटवू. पहिली गोष्ट नक्कल. आउटलुकमधून सीएसव्ही किंवा आयसीएस फाइल काढली आणि गूगलमध्ये चढवली, की त्या क्षणाचे चित्र तिकडे गेले. पुढच्या मिनिटापासून दोघांचा संबंध संपला. दुसरी गोष्ट वर्गणी. कॅलेंडरचा वेबपत्ता सॉफ्टवेअरमध्ये टाकला की ते ठरावीक काळाने तो पत्ता वाचून येते. वर्तमानपत्र घरी येते तसे ते येते, आपण त्यात लिहू शकत नाही. शाळेच्या सुट्ट्या किंवा सामन्यांचे वेळापत्रक यांसाठी ही व्यवस्था उत्तम. स्वतःच्या भेटींसाठी ती अपुरी, तरी पुष्कळ लोक हीच जोडणी करून ‘आउटलुकमध्ये लिहिलेले फोनवर दिसत नाही’ म्हणून बसतात. तिसरी गोष्ट खरा दुतर्फा मेळ, आणि सुरुवातीचे कोडे फक्त तिथे उभे राहते.

सातबारा आणि फेरफार

तलाठ्याच्या दप्तराचा दाखला इथे नेमका लागू पडतो. जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती त्या नावावर खरेदीने आली, वारसाने आली की वाटणीने, ते गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत असते. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो आणि तो सातबाऱ्यावर दिसतो. दोन सातबारे वेगळे निघाले तर कुठला अलीकडचा हे ठरवायला फेरफार काढावा लागतो. सिंकमध्येही आजची यादी म्हणजे सातबारा. दोन सातबारे समोरासमोर ठेवून मेळ बसवू पाहणारे साधन कोड्यात अडकणारच. त्याला फेरफार हवा, किंवा निदान मागच्या वेळी मेळ बसला तेव्हाची जुनी प्रत हवी. ती तिसरी प्रत हाताशी असली की उत्तर सरळ मिळते. दाताच्या डॉक्टरांची नोंद जुन्या प्रतीत होती आणि आता एका बाजूला नाही, तर ती पुसली गेली. जुन्या प्रतीत नव्हती आणि एका बाजूला आहे, तर ती नवी.

कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह या आजच्या दोन खुल्या पद्धती याच तत्त्वावर चालतात. कॅलडॅव्ह मार्च २००७ मध्ये आरएफसी ४७९१ म्हणून आणि कार्डडॅव्ह ऑगस्ट २०११ मध्ये आरएफसी ६३५२ म्हणून प्रसिद्ध झाली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज. दोन्हींत सर्व्हरवर प्रत्येक नोंद ही एक स्वतंत्र छोटी फाइल असते. त्या फाइलला सर्व्हर एक ठसा देतो, त्याला ईटॅग म्हणतात. नोंदीत काहीही बदलले की ठसा बदलतो. आपले थंडरबर्ड नोंदीबरोबर तिचा ठसाही जपून ठेवते. आपण वेळ बदलून सेव्ह केले की ते सर्व्हरला सांगते: मी पाहिला तो ठसा हा, अजून तोच असेल तरच माझा बदल घ्या. मधल्या काळात फोनवरून कोणी तीच नोंद बदलली असेल तर ठसा जुळत नाही आणि सर्व्हर ४१२ या क्रमांकाचा नकार पाठवतो. मग थंडरबर्ड आपल्याला विचारते, की सर्व्हरवर ही नोंद बदलली आहे, तुमचा बदल टाकून देऊ की तिकडच्यावर लिहू? ही चौकट दिसली की बहुतेक लोक न वाचता पहिले दिसेल ते बटण दाबतात. माझी विनंती आहे, तिथे अर्धा मिनिट थांबा. दोन माणसांचे निर्णय तिथे आमनेसामने आलेले असतात आणि कुठला खरा हे संगणकाला ठाऊक नसते.

फेरफार क्रमांकाची सोय मार्च २०१२ मध्ये आरएफसी ६५७८ ने केली. सर्व्हर संपूर्ण संग्रहासाठी एक खूणचिठ्ठी देतो, तिला सिंक-टोकन म्हणतात. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर ती दाखवून म्हणते, ‘इथपर्यंतचे मला ठाऊक आहे, पुढचे सांगा’. सर्व्हर तेवढेच बदल पाठवतो, आणि त्यात पुसलेल्या नोंदींची नावेही असतात. पुसल्याची बातमी उघडपणे कळवणे हा या व्यवस्थेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. त्यापूर्वी प्रत्येक खेपेस सगळ्या ठशांची यादी मागवून तुलना करावी लागे.

काही साधने हा खटाटोप टाळून ‘शेवटी लिहिले ते खरे’ असा सोपा नियम लावतात. तो ऐकायला न्याय्य वाटतो, पण शेवटी म्हणजे कोणाच्या घड्याळाने? लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा प्रश्न मुळापासून हाताळला. वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून घटनांचा क्रम ठरवता येत नाही, ‘हे आधी, मग ते’ हा संबंध निरोपांच्या देवाणघेवाणीतूनच सिद्ध होतो, हे त्यांनी दाखवले. ऑफिसचा जुना संगणक दहा मिनिटे पुढे असेल, तर त्यावर केलेली चूक फोनवर पुढच्या दहा मिनिटांत केलेल्या दुरुस्तीला हरवते. शिवाय दोघांनी नोंदीचे वेगवेगळे भाग बदललेले असू शकतात, एकाने वेळ, दुसऱ्याने पत्ता. ‘शेवटचे खरे’ म्हणणारे साधन त्यातला एक बदल गुपचूप फेकून देते.

ओळख कशाने पटते

फेरफार कळायला आधी ‘ती’ नोंद कुठली हे कळले पाहिजे. कॅलेंडरच्या नोंदीत यूआयडी नावाचा एक लांबलचक, जगात दुसरा नसेल असा ओळखक्रमांक असतो. कार्यक्रमाचे नाव, वेळ, जागा सगळे बदलले तरी यूआयडी तोच राहिला तर ती नोंद तीच. आयसीएस फाइलमध्ये हा क्रमांक बरोबर जातो. सीएसव्हीमध्ये तो सहसा जात नाही. म्हणून सीएसव्ही दोनदा चढवली की सगळे दोनदा दिसते. दुहेरी नोंदींच्या तक्रारींतला मोठा वाटा या एका कारणाचा आहे.

कॉन्टॅक्टमध्ये गुंता वाढतो. यूआयडी नसेल तर साधने नाव आणि नंबरावरून ओळख पटवू पाहतात. आपल्याकडे एकच मोबाइल नंबर तीन प्रकारे लिहिला जातो: नुसते दहा आकडे, आधी शून्य लावून, किंवा +९१ लावून. अक्षरशः तुलना करणाऱ्या यंत्राला ती तीन माणसे वाटतात. सगळे नंबर +९१ सह लिहिण्याची सवय ही म्हणून निव्वळ टापटीप नाही. परदेशातून फोन लावण्यापुरती तिची गरज आहे असेही समजू नये.

एका वकिलांच्या कार्यालयात मी हे टोकाला गेलेले पाहिले. त्यांच्या आउटलुकमध्ये एक जोड-साधन बसवलेले होते, ते क्लाउडशी मेळ घालत होते. फोनवर दोन्ही अकाउंट चालू होते. आणि त्या फोनमध्ये ‘कॉन्टॅक्ट नीट लावून देतो’ म्हणणारे तिसरेच ॲप होते. तिन्ही साधने आपापल्या परीने प्रामाणिकपणे काम करत होती. एकाने एका अकाउंटमधून दुसऱ्यात नेलेले नाव दुसऱ्याला नवे वाटे, ते त्याला नवा क्रमांक देऊन परत पाठवी. आठवडाभरात एकेक नाव सात-आठ वेळा झाले. सर्वांत वाईट म्हणजे अशिलांचे जुने, बंद झालेले नंबर चालू नंबरांत मिसळले आणि कुठला खरा ते सांगणारे काही उरले नाही. ती यादी हाताने साफ करायला आम्हाला तीन रविवार लागले.

अर्थ हरवतो तो असा

नोंद पोचली, ओळख पटली, फेरफारही कळला, तरी अर्थ वाटेत बदलू शकतो. या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि आपल्या लोकांना त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

वेळ घ्या. पुण्यातल्या आईवडिलांचे न्यू जर्सीतल्या मुलाशी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलणे ठरलेले असते. मुलाने ते आपल्या कॅलेंडरमध्ये सकाळी साडेनऊला घातले आहे. उन्हाळ्यात तेव्हा भारतात संध्याकाळचे सात वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात आणि तीच वेळ इकडे रात्री आठची होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा सात. आयकॅलेंडरच्या (आयसीएस फाइल ज्या पद्धतीने लिहितात तिच्या) नोंदीत ‘अमेरिका/न्यू यॉर्क, साडेनऊ’ असा कालविभाग जपला गेला, तर सारे आपोआप बरोबर होते. मधल्या एखाद्या साधनाने तो काढून ‘भारतीय वेळ, सात’ असे सपाट करून ठेवले, तर हिवाळाभर आई तासभर आधी फोनसमोर येऊन बसते. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्यामुळे ही चूक आपल्याला चटकन सुचतही नाही.

वाढदिवस ही दिवसाची नोंद आहे, क्षणाची नाही. आयकॅलेंडरमध्ये त्यासाठी नुसती तारीख लिहिण्याची सोय आहे. ती न वापरता ग्रिनिचच्या मध्यरात्रीचा क्षण लिहिला, तर भारतात वाढदिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि अमेरिकेत आदल्या संध्याकाळी. दुसरा एक बारकावा दिवसभराच्या कार्यक्रमांचा. आयकॅलेंडरमध्ये शेवटची तारीख मोजणीत धरत नाहीत. १५ ऑगस्टच्या एका दिवसाची नोंद ‘१५ पासून १६ पर्यंत’ अशी असते. हा नियम न पाळणारे साधन लग्नाच्या दोन दिवसांचा एक किंवा तीन करते.

पुनरावृत्तीचे नियम तर स्वतंत्र शास्त्रच आहे. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार ही बँकांची सुट्टी सप्टेंबर २०१५ पासून आहे. आयकॅलेंडरमध्ये ती एका ओळीच्या नियमात बसते. ‘दर सोमवारी, पण येत्या सोमवारी नाही’ हेही सांगता येते, आणि ‘त्या एका सोमवारची बैठक मंगळवारी’ हेही. त्या अपवादाचा यूआयडी मालिकेचाच राहतो आणि मूळ दिवस कुठला होता याची वेगळी खूण असते. काही साधने ही खूण वाचत नाहीत. मग सोमवार आणि मंगळवार दोन्ही दिसतात, आणि माणूस दोनदा चक्कर मारतो.

आणि तिथी? आजोबांचे श्राद्ध, घरची पूजा, गावचा उरूस यांपैकी बरेच काही ग्रेगोरियन तारखेने ठरत नाही. मे २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ने पुनरावृत्तीच्या नियमात इतर कालगणना वापरण्याची वाट उघडली. चिनी नववर्ष किंवा हिब्रू सण त्यामुळे एका नियमात लिहिता येतात. ज्या कालगणनांची यादी त्यासाठी आधाराला घेतली आहे तिच्यात भारताचे १९५७ पासूनचे राष्ट्रीय सौर पंचांग आहे, पण आपले चांद्रमासाचे, तिथी-अधिकमासाचे पंचांग नाही. म्हणजे ‘भाद्रपद शुद्ध चतुर्थी, दर वर्षी’ असे आयकॅलेंडरच्या प्रमाण नियमात आजही लिहिता येत नाही. दरवर्षी पंचांग पाहून तारीख हातानेच भरावी लागते, किंवा कोणीतरी आधी गणित करून ठेवलेल्या यादीची वर्गणी घ्यावी लागते. ही उणीव तंत्राच्या मर्यादेमुळे नाही. तिथीचे गणित संगणकाला सहज जमते. आपल्यापैकी कोणी ते प्रमाणित करण्यासाठी पुरेसा पाठपुरावा केलेला नाही, एवढेच.

नावांचे पाहू. व्हीकार्डमध्ये, म्हणजे कॉन्टॅक्टची व्हीसीएफ फाइल लिहिण्याच्या पद्धतीत, नावाला पाच कप्पे असतात: आडनाव, नाव, मधले नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. आपली तीन पदांची पद्धत, म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, यात व्यवस्थित बसते. पण फोनवर घाईने ‘सुरेशदादा प्लंबर’ असे एका दमात लिहिले, की ‘प्लंबर’ हे आडनाव होऊन बसते. मधल्या कप्प्याकडे पुष्कळ साधने दुर्लक्ष करतात. वडिलांच्या नावावाचून दोन ‘संजय पाटील’ वेगळे ओळखायचे कसे, हा कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणाच्याही यादीतला रोजचा प्रश्न आहे.

देवनागरीची गोष्ट मला विशेष जवळची. आयकॅलेंडर आणि व्हीकार्डच्या फाइलमधली ओळ ७५ बाइटपेक्षा लांब असू नये, जास्त झाली तर ती दुमडून पुढच्या ओळीवर न्यावी, असा संकेत आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे इंग्रजी मजकूर ७५ अक्षरे सरळ चालतो आणि मराठी २५ चिन्हांतच दुमडतो. बेसावध लिहिलेले सॉफ्टवेअर बाइट मोजत जाते आणि बरोबर एका चिन्हाच्या मध्यावर घडी घालते. पलीकडचे सॉफ्टवेअर ती घडी नीट न उलगडता वाचते आणि मधोमध चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. जुन्या व्हीकार्ड २.१ मध्ये तर देवनागरीचा प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिण्याची रीत होती, म्हणजे एका ‘क’ ला नऊ अक्षरे. जुन्या फोनमधून काढलेल्या यादीत बरोबरीची चिन्हे आणि आकडे यांची रांग दिसली तर ती नासलेली समजून फेकू नका. नावे त्यात शाबूत असतात, योग्य साधनाने परत वाचता येतात.

शेवटी, न समजलेल्या माहितीचे काय करायचे? आउटलुकच्या कॉन्टॅक्टमध्ये ई-मेलचे तीनच कप्पे आहेत. गूगलमध्ये नंबरापुढे ‘मामाचे दुकान’ असे स्वतःचे लेबल लावता येते. अशी माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, त्याला ती कळली नाही, आणि मग त्याने पूर्ण नोंद परत लिहिली, तर चौथा ई-मेल आणि मामाचे दुकान दोन्ही जातात. चांगले सॉफ्टवेअर ओळखायची माझी कसोटी हीच आहे: जे कळत नाही ते त्याने जसेच्या तसे जपून परत केले पाहिजे.

कंपन्यांची भूमिका

हे सगळे खुल्या नियमांवर आधारलेले आहे आणि त्यांचा उगम स्पर्धकांच्या सहकार्यात आहे, हे आज विसरले गेले आहे. व्हीकार्ड आणि व्हीकॅलेंडर १९९० च्या दशकात ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या गटातून आले. नोव्हेंबर १९९८ मधल्या आयकॅलेंडरच्या पहिल्या प्रमाणाचे दोन लेखक होते, एक लोटसचे आणि एक मायक्रोसॉफ्टचे, म्हणजे बाजारात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन कंपन्यांचे.

पुढे वाटा फुटल्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सचेंज सर्व्हरची स्वतंत्र भाषा चालू ठेवली. विंडोजवरच्या ज्या आउटलुकला आता ‘क्लासिक’ म्हणतात, त्यात कॅलडॅव्ह कधीच आले नाही. व्हिएन्नाच्या एका तंत्रविद्यालयात प्रकल्प म्हणून सुरू झालेले ‘आउटलुक कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर’ हे मोफत जोड-साधन ती उणीव भरून काढते. नवे आउटलुक अशी जुन्या पद्धतीची जोड-साधने स्वीकारत नाही, त्यामुळे तिथे तोही रस्ता बंद. गूगलने डिसेंबर २०१२ मध्ये मोफत अकाउंटसाठी एक्सचेंजच्या भाषेतला सिंक आवरता घेत असल्याचे जाहीर केले. मार्च २०१३ मध्ये कॅलडॅव्हही निवडक कंपन्यांपुरते ठेवू असे सांगितले, आणि विरोध झाल्यावर जूनमध्ये ते सर्वांसाठी खुले राहील असे कबूल केले. तो निर्णय फिरला नसता तर आज थंडरबर्डला गूगल कॅलेंडरशी जोडणे इतके सोपे राहिले नसते.

थंडरबर्डचा स्वतःचा प्रवासही लांबला. कॅलेंडर वर्षानुवर्षे ‘लाइटनिंग’ नावाची वेगळी जोड होती, २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत ते अंगभूत झाले. कॉन्टॅक्टसाठी कार्डडॅव्ह ऑगस्ट २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीत आले. त्याआधीचे सल्ले आणि जोड-साधनांची नावे आता निरुपयोगी आहेत. पासवर्डचेही तसेच. गूगलने ३० मे २०२२ पासून खासगी अकाउंटला नुसत्या पासवर्डाने शिरू देणे थांबवले आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून आपल्या व्यावसायिक सेवेत जुनी पद्धत बंद करायला घेतली. आता ब्राउझरची खिडकी उघडते, तिथे लॉग-इन करून परवानगी द्यायची, आणि सॉफ्टवेअरला पासवर्डाऐवजी एक किल्ली मिळते. ती कधीही परत घेता येते. ‘काही न करता एके दिवशी सिंक बंद पडला’ या तक्रारीमागे तेव्हा हेच होते. हा बदल चांगल्यासाठी झाला असे मी मानतो.

मांडणी कशी असावी

आधी एक वही मूळ ठरवा. ती क्लाउडवर असावी, कारण ती सर्वांना पोचते. गूगल असो, मायक्रोसॉफ्ट असो, आयक्लाउड असो किंवा स्वतःच्या जागेवर चालवलेले नेक्स्टक्लाउड असो, एकच. प्रत्येक उपकरणाने थेट त्या वहीशी बोलावे, एकमेकांशी नाही. आउटलुक ते गूगल, गूगल ते आयक्लाउड, आयक्लाउड ते फोन अशी साखळी करू नये. साखळीत फेरफाराचा इतिहास प्रत्येक कडीला तुटतो आणि वकिलांच्या कार्यालयात झाले तेच होते.

मग आपण लिहितो ती वही जोडलेली आहे ना, ते पाहा. थंडरबर्डमध्ये गूगलचे कॅलेंडर जोडले तरी ‘होम’ नावाचे स्थानिक कॅलेंडर शेजारीच असते. नवी नोंद त्यात गेली तर ती त्या संगणकाबाहेर कधीच पडत नाही. पत्त्यांचे तसेच: ज्यांना आपण मेल पाठवतो त्यांचे पत्ते ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ या स्थानिक वहीत साठत राहतात. अँड्रॉइड फोनवर नवा नंबर ‘डिव्हाइस’मध्ये जातो की अकाउंटमध्ये, हा प्रश्नही याच जातीचा. ‘सिंक होत नाही’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हे तपासतो, आणि पुष्कळदा पुढे काही करावे लागत नाही. स्थानिक कॅलेंडर बंद करा, पत्ते कुठल्या वहीत जावेत ते सेटिंगमध्ये बदला.

आणखी एक गोष्ट तळमळीने सांगतो. सिंक म्हणजे बॅकअप समजू नका. सिंक चोख असेल तर चूकही तितक्याच चोखपणे सगळीकडे पोचवतो. नातवाने फोनवर खेळता खेळता पुसलेले नाव अर्ध्या तासात ऑफिसच्या संगणकातूनही जाते, कारण थंडरबर्ड मुळात दर तीस मिनिटांनी कॅलेंडर ताजे करते आणि पत्त्यांच्या वहीचेही असेच ठरलेले अंतर असते. म्हणून महिन्यातून एकदा कॅलेंडरची आयसीएस आणि कॉन्टॅक्टची व्हीसीएफ फाइल काढून, तारीख घालून, सिंकच्या बाहेर एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवा. या दोन्ही फाइल साध्या मजकुराच्या आहेत. उद्या कुठलीही कंपनी बंद पडली, तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतील.

कॉन्टॅक्टच्या यादीत आपली माहिती थोडी आणि इतरांची जास्त असते: अशिलांचे नंबर, रुग्णांचे पत्ते, सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींचा फोन. ही यादी कुठल्या सर्व्हरवर ठेवायची आणि कुठल्या ॲपला वाचू द्यायची, हे त्या सर्वांच्या वतीने आपण ठरवत असतो. जोडणी करताना परवानगीच्या खिडकीत ‘कॉन्टॅक्ट पाहणे आणि बदलणे’ असे लिहिलेले असते. ते वाचा, आणि ज्या ॲपला त्याची गरज नाही त्याला नकार द्या.

तुम्ही आज ही जोडणी करायला बसणार असाल, तर अकाउंटचा पत्ता टाइप करण्याआधी दोन्ही बाजूंच्या आयसीएस आणि व्हीसीएफ फाइल काढून ठेवा. पाच मिनिटे लागतात.